घरात एकाला फ्लू झाला, तर विषाणू कुठे असतो? दाराच्या कडीवर, एसीत की हवेत?

घरात एकाला ताप, सर्दी, खोकला सुरू झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : आता बाकीच्यांना कसे जपायचे? घरात ८० वर्षांचे आजोबा असतील, दोन महिन्यांचे बाळ असेल किंवा कोणाची केमोथेरपी सुरू असेल, तर हा प्रश्न नुसत्या काळजीचा राहत नाही. तरुण माणसाचा चार दिवसांचा फ्लू आजोबांसाठी न्यूमोनिया ठरू शकतो.

अशा वेळी बहुतेक घरांत दोन गोष्टी होतात. फरशी जंतुनाशकाने दोन-तीनदा पुसली जाते, दाराच्या कड्या, रिमोट, मोबाइल पुसले जातात. आणि रुग्णाला वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद केल्या जातात. पहिल्या गोष्टीत मेहनत भरपूर आहे आणि फायदा थोडा. दुसरीमुळे मात्र नुकसानच होते. हे असे का, ते समजून घेऊ. म्हणजे तुमचे कष्ट योग्य जागी लागतील.

विषाणू शरीराबाहेर कसा पडतो?

श्वसनमार्गाचे विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसांतल्या ओलाव्यात वाढतात. रुग्ण खोकतो, शिंकतो, बोलतो किंवा नुसता श्वास सोडतो, तेव्हा या ओलाव्याचे लहान-मोठे थेंब बाहेर पडतात.

मोठे थेंब जड असतात. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब तोंडाच्या उंचीवरून पाचेक सेकंदांत खाली पडतो. असे थेंब समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर, टेबलावर, चादरीवर किंवा रुग्णाच्या स्वतःच्या हातावर बसतात. रुग्ण नाक पुसतो आणि त्याच हाताने नळ किंवा स्विच चालू करतो. वस्तू अशा दूषित होतात.

सूक्ष्म कणांचे वागणे वेगळे असते. त्याहून २० पट लहान कणाला स्थिर हवेत जमिनीवर यायला अर्धा तास लागतो आणि त्याहूनही बारीक कण कित्येक तास तरंगत राहतात. उदबत्तीचा धूर आठवा. उदबत्ती देवघरात लावली तरी थोड्या वेळाने वास स्वयंपाकघरात येतो. खिडकी उघडी असेल तर वास लवकर विरतो, बंद असेल तर साठत जातो. रुग्णाच्या श्वासातले सूक्ष्म कण असेच पसरतात, फक्त ते दिसत नाहीत आणि त्यांना वास नसतो.

वस्तूंवर विषाणू किती वेळ टिकतो?

हे विषाणूवर आणि वस्तूवर अवलंबून असते. प्रयोगशाळांमध्ये आढळलेले काही आकडे असे :

- फ्लूचा विषाणू : स्टील आणि प्लास्टिकसारख्या गुळगुळीत वस्तूंवर २४ ते ४८ तास, कापड आणि कागदावर साधारण ८ ते १२ तासांपेक्षा कमी. हातावर आल्यावर मात्र तो सुमारे ५ मिनिटेच तग धरतो.
- कोविडचा विषाणू : प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८ तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तांब्यावर सुमारे ४ तास.
- आरएसव्ही (लहान बाळांना त्रास देणारा विषाणू) : ओट्यासारख्या कडक पृष्ठभागावर ६ तासांपर्यंत, कापडावर अर्धा-पाऊण तास, त्वचेवर २० मिनिटांपर्यंत.
- अ‍ॅडिनोव्हायरस : याला बाहेरचे स्निग्ध आवरण नसते, म्हणून तो चिवट असतो. कोरड्या वस्तूंवर तो कित्येक दिवस टिकू शकतो.

हे आकडे वाचून घाबरून जाऊ नका. प्रयोगशाळेत वस्तूवर मुद्दाम भरपूर विषाणू सोडतात आणि शेवटचा जिवंत विषाणू कधी सापडला ते मोजतात. खऱ्या घरात सुरुवातीलाच त्यांची संख्या कमी असते आणि तीही तासागणिक घटत जाते. कोविडच्या विषाणूची संख्या प्लास्टिकवर दर सात तासांनी साधारण निम्मी होत होती. म्हणजे '७२ तास टिकला' याचा अर्थ '७२ तास तितकाच धोकादायक राहिला' असा होत नाही.

'विषाणू सापडला' म्हणजे लागण होईलच का?

नाही. हा फरक समजून घेणे फार महत्त्वाचे आहे.

२०२० मध्ये 'डायमंड प्रिन्सेस' या प्रवासी जहाजाच्या रिकाम्या खोल्यांमध्ये, प्रवासी उतरल्यानंतर १७ दिवसांपर्यंत कोविडच्या विषाणूचा अंश सापडला होता. ही बातमी जगभर पसरली आणि लोक भाजीच्या पिशव्याही धुऊ लागले. पण त्या तपासणीत सापडला तो विषाणूचा जनुकीय अंश. मेलेल्या विषाणूचा अंशही तपासणीत 'पॉझिटिव्ह' येतो. तो कोणाला आजारी पाडू शकत नाही.

त्याच वर्षी सिंगापूरमधल्या डॉक्टरांनी कोविड रुग्णांच्या खोल्या तपासल्या. एका खोलीत रोजच्या साफसफाईच्या आधी १५ पैकी १३ जागांवर विषाणूचे अंश मिळाले. हवा बाहेर नेणाऱ्या झरोक्याच्या पात्यांवरही ते होते. नेहमीची साफसफाई झाल्यावर घेतलेले इतर खोल्यांमधले नमुने मात्र निगेटिव्ह आले. यातून दोन गोष्टी कळतात. एक, साधी साफसफाई पुरेशी असते. दोन, झरोक्याच्या पात्यांपर्यंत कोणी हात लावायला गेलेले नव्हते. तिथे विषाणू हवेबरोबरच पोहोचला.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या 'सीडीसी' या आरोग्य संस्थेने उपलब्ध अभ्यासांवरून सांगितले, की कोविडने दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे १०,००० मध्ये १ पेक्षाही कमी आहे.

मग हात धुणे सोडून द्यायचे का?

मुळीच नाही. काही विषाणूंच्या बाबतीत हातच मुख्य वाहक असतात. आरएसव्हीवर अमेरिकेत झालेला, १९८१ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास याचे चांगले उदाहरण आहे. त्यात स्वयंसेवकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातल्या ७ जणांनी आजारी बाळाला कडेवर घेतले, त्याला भरवले; त्यांपैकी ५ जणांना लागण झाली. दुसऱ्या गटातल्या १० जणांनी बाळ नसताना त्याच्या पाळण्याला आणि आसपासच्या वस्तूंना हात लावला आणि मग आपल्या नाकाडोळ्यांना लावला. त्यांपैकी ४ जणांना लागण झाली. तिसऱ्या गटातले १४ जण बाळापासून सहा फुटांहून जास्त अंतरावर नुसते बसले. त्यांपैकी एकालाही लागण झाली नाही.

म्हणून घरात तान्हे बाळ असेल तर नियम कडक ठेवा. बाळाला घेण्यापूर्वी प्रत्येकाने साबणाने किमान २० सेकंद हात धुवावेत. सर्दी झालेल्या ताई-दादाने, मावशीने किंवा आजीने बाळाचे पापे घेऊ नयेत. 'साधी सर्दीच तर आहे' असे मोठ्यांना वाटते, पण बाळासाठी ती साधी नसते.

हातांवरचे फ्लू, कोविड आणि आरएसव्हीचे विषाणू साबणाने आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने, दोन्हींनी मरतात, कारण त्यांचे बाहेरचे आवरण स्निग्ध असते. अ‍ॅडिनोव्हायरसवर आणि साध्या सर्दीच्या काही विषाणूंवर सॅनिटायझरचा परिणाम कमी होतो. त्यामुळे घरात असताना साबण-पाणी हाच चांगला पर्याय.

हवेतून लागण किती वेगाने होते?

१९७७ मध्ये अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ५४ जण असलेले एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे ३ तास जमिनीवर थांबून होते. त्या काळात विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती. प्रवाशांपैकी एकाला फ्लू झाला होता. पुढच्या तीन दिवसांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. जे विमानात जास्त वेळ बसून होते, त्यांच्यात आजाराचे प्रमाणही जास्त होते.

दुसरे उदाहरण चीनमधल्या ग्वांगझू शहराचे. २४ जानेवारी २०२० रोजी तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबे जेवायला बसली होती. एका कुटुंबातल्या व्यक्तीला कोविडची लागण झालेली होती. पुढे तिन्ही कुटुंबांतले मिळून १० जण बाधित झाले. बाकीच्या टेबलांवरच्या कोणालाही किंवा वेटरांना लागण झाली नाही. या तीन टेबलांवरून एकाच एसीची हवा फिरत होती. नंतर संशोधकांनी तिथले सीसीटीव्ही चित्रीकरण पाहिले, तेव्हा या कुटुंबांचा एकमेकांशी जवळून संपर्क किंवा एकाच वस्तूला वारंवार हात लागणे असे काही दिसले नाही. मोजमाप केल्यावर कळले, की तिथे माणशी सेकंदाला जेमतेम १ लिटर ताजी हवा येत होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशा सार्वजनिक जागांसाठी नंतर सुचवलेले प्रमाण आहे माणशी सेकंदाला १० लिटर.

दोन्ही ठिकाणी एक आजारी व्यक्ती आणि न बदलणारी हवा एकत्र आली, म्हणून एवढ्या जणांना लागण झाली. नुसत्या पुसापुशीने ती टळली नसती.

एसी, पंखा, कूलर : कोण काय करतो?

स्प्लिट एसी : अनेकांना वाटते, की एसी बाहेरची हवा आत आणतो. घरातला स्प्लिट एसी तसे करत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणूचे कण नाही. एसीमध्ये विषाणू वाढत नाहीत, कारण विषाणूला वाढायला जिवंत पेशी लागते. एसीसाठी आपण दारे-खिडक्या बंद करतो, धोका त्यात आहे.

विंडो एसी : काही मॉडेलमध्ये बाहेरची हवा घेण्यासाठी एक छोटी खिटी असते. ती उघडी ठेवा, पण तेवढ्यावर अवलंबून राहू नका.

छताचा पंखा : खिडक्या उघड्या असतील तर पंखा हवा खेळवायला मदत करतो. खिडक्या बंद असतील तर तो तीच हवा सगळ्यांपर्यंत पोहोचवतो.

कूलर : विदर्भ-मराठवाड्यात खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो. समोरची खिडकी किंवा दार उघडे ठेवले, तर आतली हवा बाहेर जाते. कूलर खोलीच्या आत ठेवून दारे बंद केली, तर हा फायदा मिळत नाही.

सेंट्रल एसी : ऑफिस, मॉल, हॉस्पिटल यांमध्ये हवा डक्टमधून अनेक खोल्यांत फिरते. चांगल्या यंत्रणेत ताजी हवा मिसळली जाते आणि चांगले फिल्टर असतात. तसे नसेल तर काय होते? १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत गोवर झालेल्या एका मुलीपासून १४ वेगवेगळ्या वर्गांतल्या २८ मुलांना लागण झाली. त्यांतले बरेच जण तिच्यासोबत एका वर्गात कधी बसलेही नव्हते. शाळेची यंत्रणा तीच हवा सगळ्या वर्गांत फिरवत होती. गोवराचा विषाणू हवेतून अतिशय सहज पसरतो. फ्लू आणि कोविडच्या बाबतीत मोठा धोका मात्र एकाच खोलीतल्या हवेचा असतो.

बाथरूमची जाळी : २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स वसाहतीत सार्सचे ३००हून अधिक रुग्ण झाले. तपासात असे दिसले, की बाथरूमच्या फरशीवरच्या जाळीखालचे वाकडे पाइप कोरडे पडले होते. त्या बाकात पाणी असते तेव्हा सांडपाण्याच्या पाइपमधली हवा वर येत नाही. ते सुकले की एक्झॉस्ट फॅन तीच हवा घरात ओढतो. न वापरल्या जाणाऱ्या बाथरूमच्या जाळीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता. एवढी काळजी पुरे.

घरी नेमके काय करायचे?

१. रुग्णाची खोली निवडा. शक्यतो बाहेर उघडणारी खिडकी असलेली खोली द्या. खिडकी उघडी आणि घराच्या आतल्या बाजूचे दार बंद ठेवा. रुग्णाची हवा घरात न येता बाहेर गेली पाहिजे.

२. हवेची दिशा पाहा. रुग्णाच्या खोलीला जोडून बाथरूम असेल तर तिथला एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू असताना रुग्णाच्या खोलीचे दार उघडे राहिले, तर तिथली हवा सगळ्या घरातून स्वयंपाकघरात ओढली जाते. म्हणून त्या वेळी दार बंद असल्याची खात्री करा. टेबल फॅन असेल तर तो खिडकीजवळ बाहेरच्या दिशेने तोंड करून लावा.

३. एकच खोली असेल तर? चाळीत किंवा वन-आरके घरात रुग्णाला वेगळी खोली देता येत नाही. रुग्णाची गादी खिडकीजवळ टाका, म्हणजे त्याच्याकडून हवा आत न फिरता बाहेर जाईल. वारा खिडकीतून थेट आत येत असेल, तर गादी समोरच्या दाराजवळ घ्या. बाकीच्यांनी झोपताना रुग्णाच्या डोक्याच्या दिशेला पाय करावेत. आजी-आजोबांना किंवा बाळाला चार-पाच दिवस नातेवाइकांकडे ठेवता आले तर उत्तम, मात्र त्यांना स्वतःला लक्षणे नसावीत.

४. पाऊस, थंडी, डास यांचे काय? आपल्याकडे फ्लूची एक मोठी लाट पावसाळ्यात येते आणि नेमक्या तेव्हाच खिडक्या बंद असतात. पावसाची झड येत नाही त्या बाजूची खिडकी चार बोटे तरी उघडी ठेवा. थंडीत दर एक-दोन तासांनी १० ते १५ मिनिटे खिडक्या पूर्ण उघडा आणि तेवढा वेळ रुग्णाला पांघरूण द्या. डासांसाठी खिडकीला जाळी लावा. खेळत्या हवेने ताप वाढत नाही.

५. एसी लावायचाच असेल, तर खिडकी थोडी उघडी ठेवून २४ ते ३० अंशांदरम्यान लावा. वीज थोडी जास्त जाईल, पण हवा बदलत राहील.

६. मास्क. रुग्णाजवळ जाताना तुम्ही एन-९५ मास्क लावा. रुग्णाला सोसत असेल तर त्यानेही मास्क लावावा, पण झडप असलेला नको, कारण झडपेतून त्याचा श्वास न गाळता बाहेर येतो. दोन वर्षांखालील बाळांना मास्क लावू नये.

७. खोली रिकामी झाल्यावर थांबा. तासाला २ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीतले ९९ टक्के कण निघून जायला सुमारे सव्वादोन तास लागतात. तासाला ६ वेळा बदलली तर पाऊण तास पुरतो. म्हणून खिडक्या उघडून थोडा वेळ जाऊ द्या, मगच झाडलोट करा.

८. साफसफाई नेमकी करा. दिवसातून एकदा, जिथे सगळ्यांचे हात लागतात त्या जागा साबणाच्या पाण्याने किंवा नेहमीच्या क्लीनरने पुसा : कड्या, नळ, फ्लशचे बटण, रिमोट, मोबाइल, स्विच. स्विच ओल्या फडक्याने पुसू नका. किंचित दमट फडके वापरा. रुग्णाचे कपडे आणि भांडी नेहमीच्या पावडरने धुतलेली चालतात. नाक पुसलेले कागद झाकणाच्या डब्यात टाका. भिंती, छत आणि बाहेरून आलेली पाकिटे पुसत बसण्याची गरज नाही.

कोणत्या गोष्टी टाळायच्या?

- ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू तयार होतो आणि घरातल्या दम्याच्या रुग्णाला तो फार त्रासदायक ठरतो.
- माणसांवर किंवा हवेत जंतुनाशक फवारू नका.
- ओझोन सोडणारी यंत्रे किंवा अतिनील दिवे घरी वापरू नका. त्यांनी फुप्फुसे, डोळे आणि त्वचेला इजा होऊ शकते.
- धूप, कापूर जाळून विषाणू मरत नाहीत, उलट धुराने खोकला वाढतो.
- एअर प्युरिफायर घेणार असाल तर हेपा फिल्टरचा आणि खोलीच्या आकाराला पुरेल असा घ्या. तो हवेतले कण कमी करतो, पण खिडकीला पर्याय नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचे?

फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून ते पुढे ५ ते ७ दिवसांपर्यंत इतरांना आजार देऊ शकतो. घरातल्या ६५ वर्षांवरील व्यक्तीला, गरोदर स्त्रीला, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला ताप-खोकला सुरू झाला तर वाट पाहू नका. फ्लूवरचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर सर्वांत जास्त उपयोगी पडते. घरात उरलेले अँटिबायोटिक देऊ नका. ते विषाणूवर काम करत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसले तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा : धाप लागणे, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलणे किंवा उठवूनही नीट जागा न होणे. बाळाच्या बाबतीत श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध न ओढणे, खूप जलद श्वास (दोन महिन्यांखाली मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त) आणि लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

घरात वयस्कर किंवा जुनाट आजाराची व्यक्ती असेल, तर दरवर्षी घ्यायच्या फ्लूच्या लसीबद्दल तुमच्या डॉक्टरांशी बोला. आणि आज घरात कोणी खोकत असेल, तर फडके हातात घेण्याआधी खिडकी उघडा.